दहावीची इंग्रजी परीक्षा : आकलन आणि लेखनाची तयारी

दहावीच्या वेळापत्रकात इंग्रजीचा पेपर जवळ येऊ लागला की अनेक मराठी घरांत चिंतेचे वातावरण असते. गणिताचे सूत्र पाठ करता येते, इतिहासाच्या सनावळ्या लक्षात ठेवता येतात. परंतु कधीही न वाचलेला उतारा समोर आल्यावर काय करावे, हा प्रश्न विद्यार्थ्यांना भेडसावतो. ज्या घरात इंग्रजी बोलले जात नाही, तेथे पालकांनाही आपण मुलाला कशी मदत करावी हे उमगत नाही. आकलन आणि लेखन या दोन्ही विभागांची तयारी मात्र ठरावीक पद्धतीने करता येते. त्यासाठी परीक्षेचे स्वरूप आणि मराठी भाषक विद्यार्थ्यांकडून वारंवार होणाऱ्या चुका, या दोन गोष्टी नीट समजून घ्याव्या लागतात.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ, म्हणजेच सीबीएसई, देशभर परीक्षा घेते. दिल्ली, इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव अशा ठिकाणी राहणाऱ्या मराठी कुटुंबांतील अनेक मुले याच मंडळाची परीक्षा देतात. म्हणून या लेखात प्रामुख्याने या मंडळाच्या दहावीच्या 'इंग्लिश लँग्वेज अँड लिटरेचर' या विषयाचा विचार केला आहे. त्याचा सांकेतिक क्रमांक १८४ आहे. 'इंग्लिश कम्युनिकेटिव्ह' हा १०१ क्रमांकाचा अभ्यासक्रम निराळा आहे. आपल्या शाळेने कोणता विषय घेतला आहे याची खात्री विद्यार्थ्यांनी वर्षाच्या आरंभीच करून घ्यावी.

प्रश्नपत्रिकेचे स्वरूप

मंडळाच्या २०२५-२६ च्या अभ्यासक्रमानुसार लेखी परीक्षा ८० गुणांची असून शाळांतर्गत मूल्यमापनाला २० गुण आहेत. लेखी परीक्षेचे तीन विभाग आहेत. पहिला विभाग आकलनाचा, २० गुणांचा. दुसरा लेखन व व्याकरणाचा, २० गुणांचा. तिसरा साहित्याचा, ४० गुणांचा. साहित्यासाठी 'फर्स्ट फ्लाइट' आणि 'फूटप्रिंट्स विदाउट फीट' ही एनसीईआरटीची दोन पुस्तके नेमलेली आहेत. लेखी परीक्षेतील निम्मे गुण असे आहेत की जे कोणत्याही पाठाच्या पाठांतरावर अवलंबून नाहीत, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे.

आकलन विभागात दोन उतारे असतात. पहिला विवेचनात्मक, ४०० ते ४५० शब्दांचा. दुसरा माहितीपर, २०० ते २५० शब्दांचा आणि त्यासोबत आलेख, तक्ता किंवा आकडेवारी. प्रत्येकाला १० गुण. व्याकरणाच्या १२ प्रश्नांपैकी १० सोडवायचे असून त्यांनाही १० गुण आहेत. लेखनात एक औपचारिक पत्र आणि एक विश्लेषणात्मक परिच्छेद लिहायचा असतो. दोन्हींची शब्दमर्यादा १०० ते १२० असून प्रत्येकी ५ गुण असतात. दोन्हींसाठी पर्याय दिलेला असतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० जाहीर झाल्यानंतर प्रश्नांच्या स्वरूपात बदल होत गेला. २०२३-२४ पासून दहावीच्या प्रश्नपत्रिकांत सुमारे निम्म्या गुणांचे प्रश्न क्षमताधिष्ठित, म्हणजे मिळालेल्या ज्ञानाचा उपयोग तपासणारे असतात. परीक्षेच्या वेळापत्रकातही महत्त्वाचा बदल झाला आहे. दहावीची परीक्षा २०२६ पासून वर्षातून दोनदा घेण्याचा निर्णय मंडळाने जून २०२५ मध्ये जाहीर केला. पहिली परीक्षा सर्वांना अनिवार्य आहे. दुसरी ऐच्छिक असून तीत विज्ञान, गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांपैकी तीन विषयांपर्यंत गुणसुधारणेची संधी मिळते. इंग्रजीत अपेक्षेपेक्षा कमी गुण मिळाल्यास पूर्ण वर्ष वाया जाईल, अशी भीती बाळगण्याचे कारण त्यामुळे कमी झाले आहे.

उतारा कसा वाचावा

प्रश्नपत्रिका हाती आल्यावर ती वाचण्यासाठी १५ मिनिटे दिली जातात. या वेळेत उत्तरे लिहिता येत नाहीत. हा वेळ दोन्ही उतारे एकदा शांतपणे वाचण्यासाठी आणि पत्र व परिच्छेदाचा पर्याय निवडण्यासाठी वापरावा.

पहिल्या वाचनात प्रत्येक शब्दाच्या अर्थामागे धावू नये. प्रत्येक परिच्छेद कशाविषयी आहे, एवढेच मनाशी ठरवावे. त्यानंतर प्रश्न वाचावेत आणि दुसऱ्या वाचनात उत्तर ज्या वाक्यात आहे ते वाक्य शोधावे. 'हाउएव्हर', 'बट', 'ऑल्दो', 'डिस्पाइट' यांसारखे शब्द आले की विचाराची दिशा बदलते, हे ध्यानात ठेवावे. लेखकाचे खरे मत पुष्कळदा अशा शब्दाच्या पुढेच असते. 'सम', 'मोस्ट', 'ऑल' यांतील भेदही महत्त्वाचा आहे. उताऱ्यात 'काही शेतकरी' असे असेल आणि पर्यायात 'सर्व शेतकरी' असे असेल, तर तो पर्याय चुकीचा ठरतो.

प्रश्नांतील क्रियापदांकडे दुर्लक्ष केल्याने हाती असलेले गुण जातात. 'स्टेट' म्हणजे केवळ सांगा. 'इन्फर' म्हणजे स्पष्ट न लिहिलेले, परंतु उताऱ्यावरून निघणारे अनुमान काढा. 'जस्टिफाय' म्हणजे उताऱ्यातील आधार देऊन आपले म्हणणे पटवून द्या. अनुमानाच्या प्रश्नात स्वतःचे सामान्यज्ञान वापरण्याचा मोह अनेकांना होतो. विषय ओळखीचा असेल तर हा धोका अधिक असतो. उत्तराला उताऱ्यातील एखाद्या ओळीचा आधार दाखवता येत नसेल, तर ते उत्तर योग्य नाही असे समजावे.

अनोळखी शब्दाचा अर्थ विचारला असल्यास तो शब्द झाकून वाक्य वाचावे आणि त्या जागी कोणता शब्द शोभेल ते मराठीत ठरवावे. मग पर्यायांत त्या अर्थाचा इंग्रजी शब्द शोधावा. 'अन', 'डिस', 'मिस' असे उपसर्ग आणि 'लेस', 'फुल' असे प्रत्यय ओळखता आले तर अर्धे काम होते.

आकडेवारीच्या उताऱ्यात प्रथम शीर्षक, वर्ष आणि एकक पाहावे. आकडे हजारांत आहेत की टक्क्यांत, हे न पाहता उत्तर लिहिणे ही नेहमीची चूक आहे. एखादे प्रमाण २० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर गेले तर ती वाढ १० टक्के अंकांची असते. मूळ प्रमाणाच्या तुलनेत मात्र ती ५० टक्के असते. हा फरक ज्याला कळतो त्याला विश्लेषणात्मक परिच्छेद लिहितानाही त्याचा उपयोग होतो.

व्याकरण : मराठीची सवय कोठे आड येते

अभ्यासक्रमात व्याकरणाचे पाच घटक आहेत : काळ, 'मोडल्स' म्हणजे शक्यता, कर्तव्य, परवानगी इत्यादी दर्शविणारी सहायक क्रियापदे, कर्ता व क्रियापद यांचा मेळ, अप्रत्यक्ष कथन आणि 'डिटर्मिनर्स'. रिकाम्या जागा भरणे, चूक शोधून दुरुस्त करणे आणि वाक्यरूपांतर अशा प्रकारांनी हे घटक विचारले जातात. या प्रत्येक घटकात मराठी भाषकांच्या चुका विशिष्ट ठिकाणीच होतात. त्याचे कारण बुद्धीत नसून दोन भाषांच्या रचनेतील फरकात आहे.

अप्रत्यक्ष कथनाचे उदाहरण पाहावे. मराठीत आपण म्हणतो, "सीता म्हणाली की मी उद्या येईन." येथे सीतेचे शब्द जसेच्या तसे राहतात. इंग्रजीत मात्र 'सीता सेड दॅट शी वुड कम द नेक्स्ट डे' असे होते. पुरुष, काळ आणि कालवाचक शब्द असे तिन्ही बदलतात. विद्यार्थ्यांनी प्रत्येक वाक्यात या तीन गोष्टी क्रमाने तपासण्याची सवय लावावी. प्रश्नार्थक वाक्य अप्रत्यक्ष करताना शब्दक्रम साध्या विधानासारखा होतो. 'ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ड' हे बरोबर, तर 'ही आस्क्ड मी व्हेअर डिड आय लिव्ह' हे चूक.

कर्ता आणि क्रियापद यांच्या मेळातही असेच घडते. "रामने आंबा खाल्ला" आणि "रामने पोळी खाल्ली" या वाक्यांत मराठी क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. इंग्रजीत ते नेहमी कर्त्याकडे पाहते. त्यामुळे लांब वाक्यात खरा कर्ता शोधणे आवश्यक ठरते. 'द क्वालिटी ऑफ द मँगोज' यात कर्ता 'क्वालिटी' आहे, 'मँगोज' नव्हे; म्हणून पुढे 'आर' न येता 'इज' येते. 'वन ऑफ माय फ्रेंड्स' या रचनेत कर्ता 'वन' असल्याने क्रियापद एकवचनीच राहते.

काळाच्या बाबतीत 'पासून' हा मराठी शब्दयोगी फसवा ठरतो. "सोमवारपासून" आणि "पाच वर्षांपासून" या दोन्ही ठिकाणी आपण तोच शब्द वापरतो. इंग्रजीत आरंभबिंदूसाठी 'सिन्स' आणि कालावधीसाठी 'फॉर' येतो. शिवाय "मी येथे पाच वर्षांपासून राहतो" हे मराठीत वर्तमानकाळात शोभते. इंग्रजीत मात्र 'आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स' असेच म्हणावे लागते.

'अ', 'ॲन', 'द' यांना मराठीत समांतर शब्द नाहीत, म्हणून ते लिहायचे राहून जातात. 'अ' की 'ॲन' हे अक्षरावरून न ठरवता उच्चारावरून ठरवावे : 'अ युनिव्हर्सिटी', परंतु 'ॲन अवर'. "पुष्कळ दूध" आणि "पुष्कळ मुले" यांत मराठीत एकच शब्द चालतो. इंग्रजीत न मोजता येणाऱ्या वस्तूंसाठी 'मच' आणि मोजता येणाऱ्यांसाठी 'मेनी' असा भेद आहे. 'फ्यू' म्हणजे जवळजवळ नाहीतच आणि 'अ फ्यू' म्हणजे थोडे का होईना पण आहेत. एका लहानशा 'अ'ने वाक्याचा भाव उलटतो.

सहायक क्रियापदांत 'मस्ट नॉट' आणि 'नीड नॉट' यांची गल्लत होते. पहिल्यात मनाई आहे, तर दुसऱ्यात केवळ गरज नसल्याचे सांगितले आहे. तसेच अशा क्रियापदांपुढे मूळ धातूच येतो. 'ही कॅन गोज' ही रचना चुकीची आहे.

औपचारिक पत्र

पत्रासाठी चौकशी, तक्रार, मागणी किंवा संपादकांस पत्र असे विषय दिले जातात. पत्त्याची मांडणी, दिनांक, ज्यांना पत्र लिहायचे त्यांचे पद व पत्ता, विषय, संबोधन, मजकूर, समारोप आणि नाव हा क्रम हाताला इतका सवयीचा व्हावा की परीक्षेत त्यावर विचार करावा लागू नये. सर्व मजकूर डाव्या समासापासून लिहिण्याची पद्धत सोपी आहे. एकदा निवडलेली पद्धत शेवटपर्यंत पाळावी.

मजकूर तीन छोट्या परिच्छेदांत विभागावा. पहिल्यात पत्र लिहिण्याचे कारण, दुसऱ्यात तपशील आणि परिणाम, तिसऱ्यात नेमकी मागणी. तक्रारीच्या पत्रात केवळ नाराजी व्यक्त करून थांबू नये. समजा, वस्तीतील रस्त्यावरचे दिवे बंद असल्याची तक्रार करायची आहे. किती दिवसांपासून, कोणत्या भागात, कोणाची गैरसोय होते आणि काय करावे अशी अपेक्षा आहे, या चार गोष्टी आल्या म्हणजे मजकूर पूर्ण होतो.

मराठी पत्रलेखनातील विनयाची वचने शब्दशः इंग्रजीत आणण्याची गरज नाही. 'आय बेग टु स्टेट' यांसारखे जुने प्रयोग टाळून 'आय ॲम रायटिंग टु' अशी सरळ सुरुवात करावी. 'युअर्स' या शब्दात ॲपॉस्ट्रॉफीचे चिन्ह देऊ नये. प्रश्नात दिलेलेच नाव व पत्ता वापरावा. स्वतःचे किंवा शाळेचे खरे नाव उत्तरात लिहू नये.

विश्लेषणात्मक परिच्छेद

या प्रश्नात आलेख, तक्ता, नकाशा किंवा मुद्दे दिलेले असतात. प्रत्येक आकडा वाक्यात उतरवणे म्हणजे विश्लेषण नव्हे. पहिल्या वाक्यात आलेख कशाचा आहे ते स्वतःच्या शब्दांत सांगावे. दुसऱ्या वाक्यात सर्वांत ठळक गोष्ट मांडावी. त्यानंतर दोन किंवा तीन तुलना आणि अखेरीस निष्कर्ष लिहावा.

समजा, एका शाळेच्या ग्रंथालयातून पाच वर्षांत नेलेल्या पुस्तकांचा तक्ता दिला आहे. कथांची संख्या दरवर्षी घटत गेली असून विज्ञानविषयक पुस्तकांची वाढत गेली आहे. येथे दहा आकडे लिहिण्याऐवजी दोन्ही प्रवाह विरुद्ध दिशेने गेले, कोणत्या वर्षी विज्ञानाची पुस्तके कथांच्या पुढे गेली आणि सर्वांत मोठा बदल केव्हा झाला, एवढे सांगणे पुरेसे आहे. घट का झाली याविषयी तक्त्यात माहिती नसेल तर कारणे रचू नयेत. 'व्हेअरॅज', 'इन कॉन्ट्रास्ट', 'स्टेडिली', 'शार्पली' असे दहा-बारा शब्द योग्य रीतीने वापरता आले तर परिच्छेदाला नेमकेपणा येतो. पाठ केलेली भारदस्त वाक्ये येथे उपयोगी पडत नाहीत. मजकूर, मांडणी आणि भाषेची शुद्धता या निकषांवर गुण दिले जातात.

वेळेचे नियोजन

उत्तरे लिहिण्यासाठी तीन तास, म्हणजे १८० मिनिटे असतात. आकलनासाठी ४५ मिनिटे, लेखन व व्याकरणासाठी ४० मिनिटे, साहित्यासाठी ८० मिनिटे आणि तपासणीसाठी १५ मिनिटे अशी विभागणी सोयीची ठरते. शब्दमर्यादा ओलांडून लिहिलेल्या पत्राला अधिक गुण मिळत नाहीत. त्यात गेलेला वेळ मात्र साहित्याच्या दीर्घ उत्तरांतून वजा होतो. तपासणी करताना संपूर्ण उत्तरपत्रिका वाचणे शक्य नसते. क्रियापदाचा काळ, एकवचन-अनेकवचन आणि प्रश्नक्रमांक या तीनच गोष्टी पाहाव्यात.

विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांना मंडळाच्या नियमांनुसार तासाला २० मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या पेपरसाठी एक तास अधिक मिळतो. पात्र विद्यार्थ्यांना लेखनिकाचीही सोय मिळते. त्यासाठीची कागदपत्रे शाळेमार्फत वेळेत सादर करावी लागतात.

आठ आठवड्यांचा आराखडा

परीक्षेपूर्वी दोन महिने हाती असतील तर पहिल्या तीन आठवड्यांत रोज एक उतारा सोडवावा आणि व्याकरणाचा एक घटक पूर्ण करावा. एनसीईआरटीचे 'वर्ड्स अँड एक्स्प्रेशन्स' हे दहावीचे सरावपुस्तक यासाठी उपयुक्त आहे. पुढील तीन आठवड्यांत एक दिवसाआड पत्र किंवा परिच्छेद लिहावा आणि शिक्षकांकडून तपासून घ्यावा. अखेरच्या दोन आठवड्यांत वेळ लावून संपूर्ण नमुना प्रश्नपत्रिका सोडवाव्यात. मंडळ आपल्या संकेतस्थळावर नमुना प्रश्नपत्रिका आणि त्यांची गुणदान योजना विनामूल्य देते. एनसीईआरटीची पुस्तकेही विनामूल्य उतरवून घेता येतात, तर 'दीक्षा' या शासकीय मंचावर अभ्याससाहित्य उपलब्ध आहे.

चुकांची एक वेगळी वही ठेवणे सर्वांत लाभदायक ठरते. प्रत्येक चुकीसमोर योग्य रूप आणि चूक का झाली हे मराठीत एका ओळीत लिहावे. महिनाभरात त्याच पाच-सहा चुका पुनःपुन्हा होत असल्याचे दिसून येते, आणि अभ्यास नेमका कशाचा करायचा हे स्पष्ट होते.

राज्य मंडळाचे विद्यार्थी

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या मराठी माध्यमातील विद्यार्थ्यांना इंग्रजी ही तृतीय भाषा असते आणि 'माय इंग्लिश कोर्सबुक' हे बालभारतीचे पुस्तक नेमलेले आहे. तेथेही लेखी परीक्षा ८० गुणांची आहे. अपठित उतारा, पत्रलेखन आणि माहितीचे रूपांतर हे प्रश्न असल्याने वरील बहुतेक सूचना त्यांनाही लागू पडतात. इंग्रजीतून मातृभाषेत अनुवादाचा ५ गुणांचा प्रश्न हे या प्रश्नपत्रिकेचे वैशिष्ट्य आहे. मराठीवर प्रभुत्व असलेल्या विद्यार्थ्याने हे गुण सोडू नयेत. मात्र वाक्प्रचार आणि म्हणी यांचा शब्दशः अनुवाद न करता मराठीतील समानार्थी प्रयोग लिहावा.

पालकांची भूमिका

इंग्रजी न येणारे आई-वडीलही या तयारीत मोलाची मदत करू शकतात. मुलाने उतारा वाचून झाल्यावर त्यात काय सांगितले आहे ते मराठीत सांगावे, असा आग्रह धरावा. जो भाग मुलाला मराठीत सांगता येत नाही, तो त्याला समजलेला नसतो. पालकांना इंग्रजीचे एक अक्षर न वाचताही हे ताडता येते. एकाच दिवसाची एखादी बातमी मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही वृत्तपत्रांत वाचून घेणे हाही सोपा उपाय आहे. आशय आधीच माहीत असल्याने इंग्रजी वाक्यांची रचना सहज लक्षात येते.

उत्तीर्ण होण्यासाठी ३३ टक्के गुणांची आवश्यकता असते. भीतीपोटी अनेक विद्यार्थी गाइडमधील उत्तरे पाठ करण्यात आपली सर्व शक्ती खर्च करतात आणि आकलन व लेखनाचे ४० गुण नशिबावर सोडतात. वास्तविक या गुणांसाठी महागड्या शिकवणीची आवश्यकता नाही. रोजचे तासभर वाचन, आठवड्यातून तीन-चार वेळा लेखन आणि चुकांच्या वहीची नियमित उजळणी एवढे दोन महिने सातत्याने केल्यास अनोळखी उताऱ्याचे दडपण बऱ्याच अंशी दूर होते. अकरावीनंतर अनेक विद्याशाखांची पुस्तके इंग्रजीतच वाचावी लागतात. त्या वेळीही ही सवय विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडते.